भिंतीत शिरलेली हवा

पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे या पट्ट्यात छताचा गिलावा सुटून गंजलेली सळई उघडी पडली, की कारण सांगायला कुणी फार विचार करत नाही. ‘खारी हवा’ एवढं म्हटलं की विषय संपतो. खाडी इथे खरंच उशाशी आहे, हवेत मीठ आहे आणि मिठाने लोखंड गंजतं हेही खरं आहे. तरीही हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. हीच हवा जुन्या पनवेलच्या वाड्यांच्या भिंतींवर आणि विरूपाक्षाच्या देवळावर पिढ्यान्‌पिढ्या वाहत आली. थोडं दक्षिणेला मुरूडच्या जंजिऱ्याचे बुरूज तर लाटाच अंगावर घेत उभे आहेत. हवा बदललेली नाही. बदलली ती भिंत, आणि भिंतीत झालेला सर्वांत मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो तिच्या छिद्रांत झाला आहे. पनवेलच्या बांधकामाचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास हा मुळात छिद्रांचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्या छिद्रामुळे चुन्याची भिंत पक्की होत गेली, तेच छिद्र सिमेंटच्या भिंतीला मारक ठरलं. या उलटापालटीबरोबर गवंडीकामाच्या चालीरीतीही बदलायला हव्या होत्या. त्यासाठी लागणारा वेळ आणि गोडं पाणी ही दोन्ही इथे कधी पुरेशी मिळाली नाहीत.

जुनं पनवेल हे बंदराचं गाव. मुंबईहून पडावांतून आलेला माल इथे उतरायचा आणि बैलगाड्यांनी बोरघाट चढून पुण्याला जायचा. १८३०मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा या गावाचे दिवस पालटले. १८६३मध्ये घाटातून रेल्वे गेली, ती मात्र कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडलं. व्यापाराच्या दृष्टीने हा तोटाच होता. पण त्यामुळे गावाचा बांधकामाचा साचा दीर्घकाळ जुनाच राहिला. मुंबईत बॅकबेच्या भरावावर १९३०च्या दशकात सलोह काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहत होती, तेव्हा पनवेलच्या आळ्यांतून दगड, वीट, सागवान आणि चुना हाच व्यवहार चालला होता. चुनाही ठरावीक प्रकारचा. आपला सगळा सह्याद्री काळ्या कातळाचा. या कातळात चुनखडकाचे थर नाहीत. देशावर ओढ्यांच्या काठी सापडणारे चुन्याचे खडे भाजत, तर कोकणात खाडीतल्या कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले. मुंबईतल्या चुनाभट्टीच्या नावात हा धंदा अजून टिकून आहे. चुनखडक नसल्याचा आणखी एक परिणाम पुढे झाला: सिमेंटही गावचं होऊ शकलं नाही, ते पोरबंदर, कटनी, वाडी, चंद्रपूर अशा दूरच्या ठिकाणांहून येत राहिलं. चुना गावचा होता आणि त्याचे गुण-दोष गावच्या माणसाला ठाऊक होते. सिमेंट पोत्यात बंद होऊन आलं, आणि ते वापरायचं शहाणपण पोत्याबरोबर आलं नाही.

चुन्याच्या कामात वेळ हाच मुख्य घटक होता. भट्टीत भाजलेली चुनकळी पाण्यात विरवायची, तो चुना मुरू द्यायचा, मग घाणीत घालायचा. घाणी म्हणजे गोल चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. चुन्यात वाळू आणि बऱ्याचदा सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, पडायची. हा माल भिंतीत गेल्यावरही लगेच घट्ट होत नसे. पाणी उडून गेलं की त्याच्या जागी छिद्रं उरत. साध्या चुन्याच्या मसाल्यात एकूण आकारमानाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पोकळीच असते. या छिद्रांतून हवा आत शिरते, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरलेल्या चुन्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे जवळपास मूळचा शिंपलाच. जाड भिंतीच्या पोटापर्यंत ही क्रिया पोचायला वर्षानुवर्षं लागतात. चुन्याची भिंत ही हवा खाऊनच पक्की होते आणि छिद्रं नसती तर ती आतून कच्चीच राहिली असती. पावसाळ्यात तिने ओल ओढली तरी उन्हाळ्यात त्याच छिद्रांतून ती बाहेर पडते. बारीक तडा गेला, तर पाण्यात विरघळलेला चुना तड्यात पुन्हा साकळून तो बुजवतो. अशा मसाल्याची दाब सोसण्याची ताकद जेमतेम दोन-तीन न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असली, तरी दोन-दोन हात जाडीच्या भिंतीला त्याहून जास्त लागतच नव्हती. भिंतीवर फक्त दाब येत होता, ताण सोसायला सागाच्या तुळया होत्या. गंजेल असं लोखंड भिंतीच्या पोटात नव्हतं.

आता सिमेंटकडे वळू. ५० किलोच्या एका पोत्यातलं सगळं सिमेंट पाण्याशी पुरतं संयोग पावायला किती पाणी लागतं? साधारण साडेअकरा लीटर रासायनिक रीतीने बांधलं जातं. आणखी साडेनऊ लीटर सिमेंटच्या नव्याने तयार झालेल्या चिकट पदार्थाच्या, म्हणजे जेलच्या, अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. म्हणजे हिशोब एकवीस लीटरचा. जेलची ही छिद्रं एक ते तीन नॅनोमीटरची असतात, त्यांतून पाणी हलता हलत नाही आणि त्यांच्यामुळे ताकदीचंही फारसं बिघडत नाही. त्रास सुरू होतो तो एकवीसच्या वरच्या पाण्याने. फावड्याने माल कालवणाऱ्या बिगाऱ्याला सैल माल सोयीचा पडतो. तो सळयांच्या जाळीतून आपोआप खाली उतरतो, ठोकावा लागत नाही. म्हणून पोत्याला पस्तीस लीटर पाणी पडलं, तर चौदा लीटर पाण्याला काहीच काम उरत नाही. ते जागा अडवून बसतं आणि पुढे निघून गेल्यावर त्याच्या जागी जेलच्या छिद्रांहून कितीतरी मोठ्या, केसासारख्या नळ्या उरतात. याखेरीज नीट न ठोकलेल्या मालात राहिलेली हवेची मिलिमीटरभर भोकं असतात, ज्यांना साइटवर मधमाश्यांचं पोळं म्हणतात. हवेच्या अशा दर एका टक्क्यामागे ताकद सुमारे पाच टक्क्यांनी घटते. ही भोकं निदान दिसतात, त्यांवर ओरडता येतं. केशनलिका दिसत नाहीत.

ताकद पोकळीवर ठरते हे शास्त्राला तसं लवकरच कळलं होतं. फ्रान्समध्ये रने फेरे यांनी १८९२च्या सुमारास दाखवून दिलं, की पाणी आणि हवा मिळून मालात किती जागा व्यापतात यावर त्याची ताकद अवलंबून असते. शिकागोच्या डफ अब्रॅम्स यांनी १९१८मध्ये हाच नियम सोपा करून पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरात मांडला, आणि जगभरच्या अभियंत्यांनी तो पाठ केला. पण खरा उलगडा झाला तो अमेरिकेतल्या टी. सी. पॉवर्स यांच्या १९४०च्या दशकातल्या कामामुळे. सिमेंट पाण्याशी जितकं संयोग पावेल तितकं जेल तयार होतं, जेल मूळच्या सिमेंटच्या दुपटीहून अधिक जागा भरतं आणि केशनलिका बुजत जातात. मग मालाची ताकद ही उपलब्ध जागेपैकी किती जागा जेलने भरली यावर, त्या प्रमाणाच्या जवळपास घनावर, ठरते. या मांडणीत पाण्याच्या दोन भूमिका स्पष्ट होतात. कालवताना घातलेलं जादा पाणी छिद्र पाडतं, आणि नंतर मारलेलं पाणी छिद्र बुजवतं. एकाच पाण्याची ही दोन परस्परविरुद्ध कामं आहेत. बांधकामाच्या जागी नेमकं उलटं होत राहिलं: जिथे कमी हवं तिथे सढळ हाताने आणि जिथे जास्त हवं तिथे काटकसरीने.

पॉवर्स यांच्याच सूत्रांनी हिशोब करून पाहावा. पोत्याला पंचवीस लीटर पाणी, म्हणजे ०.५ गुणोत्तर, असा बऱ्यापैकी शिस्तीचा माल घेतला आणि त्यावर पुरेसं पाणी मारून सिमेंटचा कण न्‌ कण पिकू, म्हणजे पाण्याशी पुरता संयोग पावू दिला, तर केशनलिकांची जागा सुमारे १७ टक्के उरते. हाच माल पाणी न मारल्यामुळे साठ टक्क्यांवर पिकायचा थांबला, तर ती जागा ३४-३५ टक्के होते. आणि पोत्याला पस्तीस लीटर घातलेला पातळ माल पूर्ण पिकला तर? ३३ टक्के. म्हणजे जपून पाणी घातलेला पण नंतर तहानलेला ठेवलेला माल पाणचट मालाच्याच पंगतीला जाऊन बसतो. ताकदीच्या बाबतीत तर तो त्याहून मागे पडतो, पूर्ण पिकलेल्या स्वतःच्या ताकदीच्या एकतृतीयांशाला थोडा वर. अर्थात सबंध स्लॅब असा तहानलेला राहत नाही. आतल्या भागात ओल टिकते. वाळतो तो पृष्ठभागाजवळचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर, आणि सळईचं संरक्षण करायचं काम नेमकं त्याच थराकडे असतं.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याचा गुण. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ०.७ गुणोत्तराच्या सिमेंटवर जी मोजमापं केली, त्यांत पाचव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत पारगम्यता सुमारे चारशे पटींनी कमी झाली. याच काळात साध्या सिमेंटच्या मालाची ताकद फार तर दुपटीच्या आसपास वाढते. सात दिवसांनंतर पाणी मारायचं थांबवणाऱ्याला वाटतं, की ताकद तर बरीचशी आली, आता राहिलं काय? राहिलेलं असतं ते नळ्यांचं एकमेकींपासून तुटणं. ०.४५ गुणोत्तराच्या मालात नळ्यांची सलग साखळी तुटायला सततच्या ओलीत सातेक दिवस लागतात, ०.५ला चौदा दिवस, ०.६ला सहा महिने, ०.७ला वर्षभर. त्यापलीकडे ती कधीच तुटत नाही. आणि आपण मोजतो काय, तर ताकद. तीही स्लॅबची नव्हे. त्याच मालाचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे अठ्ठावीस दिवस हौदात बुडवून ठेवतात आणि मग फोडतात. ठोकळ्याला अठ्ठावीस दिवस मनसोक्त पाणी मिळतं. वर स्लॅबवर चैत्राचं ऊन असतं. ठोकळा पास होतो आणि वहीत नोंद होते.

आता हे सिमेंट पनवेलच्या आसपास कोणत्या परिस्थितीत आलं ते पाहू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं करायचं ठरलं. ज्या दशकात इथे मोठ्या प्रमाणावर सिमेंट लागायला सुरुवात होणार होती, त्याच दशकात देशात सिमेंटचा दुष्काळ होता. भाव आणि वाटप सरकारच्या हाती, पोती परमिटवर. या टंचाईने राजकारण किती नासवलं होतं हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. सिमेंटच्या कोट्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं, आणि ते याच जिल्ह्याचे, रायगडचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर नियंत्रण अंशतः उठलं आणि १ मार्च १९८९ रोजी पुरतं. पोतं मोलाचं असताना मालात ते कमीच पडणार. शिवाय तेव्हाचं प्रमाण-पुस्तकही उदार होतं. १९७८च्या भारतीय मानकात सलोह काँक्रीटला एम १५ची, म्हणजे पंधरा न्यूटनची, प्रत चालत होती आणि स्लॅबच्या सळईवर पंधरा मिलिमीटरचं आवरण पुरे होतं. २०००च्या आवृत्तीत समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला किमान एम ३०, पाण्याचं गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि आवरण पंचेचाळीस मिलिमीटर असं ठरलं. हवा आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून आवरण तिप्पट केलं की हवेला सळईपर्यंत पोचायला नऊपट वेळ लागतो. १९७८ आणि २००० या दोन आकड्यांच्या मधल्या बावीस वर्षांत नव्या मुंबईचा मोठा हिस्सा बांधून झाला होता.

परिणाम दिसायला फार थांबावं लागलं नाही. पनवेलला मुंबईशी जोडणारा वाशीचा पहिला खाडीपूल १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला खुला झाला आणि काही वर्षांतच त्याच्या पोटातल्या ताणलेल्या तारा गंजू लागल्या. त्याला बाहेरून बळकटी द्यावी लागली आणि १९९७मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. गोव्यात पणजीचा मांडवीवरचा पूल बांधून जेमतेम दीड दशक होत होतं, तोच ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तिथेही तारांचा गंजच कारणीभूत होता. वाशीतल्या सिडकोच्या जे. एन. प्रकारच्या इमारती दोन-अडीच दशकांतच धोकादायक ठरल्या. यात प्रत्येक ठिकाणची कारणं वेगवेगळी आहेत. तारांभोवतीच्या नळीत सिमेंटचं द्रावण नीट न भरलं गेल्याने उरलेली पोकळी ही काही केशनलिका नव्हे. तरी मूळ गोष्ट एकच: लोखंडाभोवतीची जी जागा बंद असायला हवी होती, ती उघडी राहिली. काँक्रीटच्या पोटातला चुना सळईला अल्कधर्मी कवच देतो आणि त्या कवचात लोखंड शेकडो वर्षं सुरक्षित राहू शकतं. नळ्यांतून हवा आत आली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि कवच विरतं. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो, म्हणून आवरण फुटून खाली येतं. वाड्याच्या भिंतीला जी रासायनिक क्रिया पक्कं करत गेली, तीच इथे विनाश घडवते. एका पिढीच्या अंतरात छिद्राचा अर्थ उलटा झाला तो असा. हे गवंड्याला कुणी समजावून सांगितलं नाही. त्याच्या हाताने शिकलेलं शहाणपण सांगत होतं, की भिंतीला हवा लागू द्यावी.

पाणी मारण्याची चाल सिमेंटबरोबर आली हे खरं. स्लॅबवर मातीची किंवा मसाल्याची आळी बांधून पाणी साठवायचं, खांबांना ओलं गोणपाट गुंडाळायचं, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाइप धरायचा. पण पनवेलच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न चालीरीतीपेक्षा भूगोलाचा आहे. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तोही चार महिन्यांत. बांधकामाचा हंगाम मात्र दिवाळीपासून मृगापर्यंतचा. पावसाच्या आधी स्लॅब टाकून घेण्याची घाई असते, त्यामुळे सर्वांत जास्त काँक्रीट मार्च ते मेच्या दरम्यान भरलं जातं. गाढी नदी आटलेली, देहरंग धरणाने तळ गाठलेला, गावात पाण्याची कपात, खाडीचं पाणी खारं. घरात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारं गाव स्लॅबवर गुडघाभर आळी भरून ठेवील ही अपेक्षाच अवघड. जूनमध्ये पाऊस पडून तोच स्लॅब चार महिने भिजतो, म्हणजे भरपाई होतेच की, असं कुणी म्हणेल. थोडी होते. पण छिद्रांतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली, की सिमेंटचं पिकणं जवळपास थांबतं, आणि एकदा वाळलेला थर पुन्हा भिजवला तरी सुरुवातीपासून ओला राहिलेल्या थराची बरोबरी करत नाही. शिवाय त्या पहिल्या कोरड्या आठवड्यांत पडलेले आकसण्याचे तडे तसेच राहतात.

इथे गवंड्यावर खापर फोडणाऱ्यांना उत्तर द्यायला हवं. काम चौरस फुटावर मोजलं जातं. स्लॅब भरणाऱ्याला भरण्याचे पैसे मिळतात, सेंट्रिंगवाल्याला सेंट्रिंगचे. पाणी मारणं हे बहुतेक साइटवर राखणदाराच्या कुटुंबावर सोपवलेलं काम, ज्याची वेगळी मजुरी नाही आणि मोजमाप-वहीत वेगळी ओळही नाही. हिशोबात जागा नसलेलं काम टिकत नाही. चुन्याच्या घाणीला बैल, चाक, माणूस असा दिसणारा खर्च होता, म्हणून तिला मान होता. पाणी मारणं फुकटचं समजलं गेलं आणि तिथेच त्याची किंमत गेली.

१९९०च्या दशकात परिस्थिती पालटली, पण छिद्रांसाठी ती सुधारली असं म्हणता येत नाही. सिमेंट मुबलक झालं, जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्के जागा परत देण्याच्या सिडकोच्या योजनेतून भूखंड बाजारात आले, चार-सात मजल्यांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहू लागल्या. जुन्या ३३ प्रतीच्या सिमेंटची जागा ५३ प्रतीने घेतली. हे सिमेंट अधिक बारीक दळलेलं आणि लवकर पिकणारं. ३३ प्रतीची तीन दिवसांची अपेक्षित ताकद १६ न्यूटन, तर ५३ची २७. बिल्डरला सेंट्रिंग लवकर सोडवता येतं, वरचा मजला लवकर चढतो. पण याच गुणात तोटा दडला आहे. जोरकस सिमेंटने तीच एम २०ची ताकद कमी सिमेंटात आणि जास्त पाण्यात मिळते. ठोकळा पास होतो, कागद खरा असतो, आणि केशनलिका पूर्वीपेक्षा अधिक असतात. जुनं भरड दळलेलं सिमेंट वर्षानुवर्षं हळूहळू पिकत राही, पावसाळ्याच्या ओलीचा पुढेही उपयोग करून घेई. नव्या सिमेंटचं बहुतेक पिकणं पहिल्या महिन्यात उरकतं आणि त्या महिन्यात पाणी नसलं, तर पुढे भरून काढायला फारसं काही शिल्लक नसतं. ‘मजबूत’ हा शब्द जाहिरातीतून घराघरांत गेला, आणि मजबूत म्हणजे टिकाऊ हा गैरसमज त्याच्या मागोमाग.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप रेतीचा आहे. पनवेल-उरण-वाशीच्या खाड्यांतून ड्रेजरने उपसलेली रेती अनेक वर्षं याच बांधकामांत गेली. तिच्याबरोबर मीठ मालाच्या आतच आलं. मग हवा आत शिरायची वाट कशाला पाहायची, शत्रू तर आधीच घरात. हा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. मानकाप्रमाणे एक घनमीटर सलोह काँक्रीटमध्ये क्लोराइड ०.६ किलोच्या वर नको. न धुतलेल्या खाडीच्या रेतीने ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि अशा इमारतीला पाणी मारण्याने वाचवता आलं नसतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मीठ आत असलं, तरी गंजायला ऑक्सिजन आणि ओल लागते, आणि ती दोन्ही नळ्यांतूनच येतात. गंज किती वेगाने चढेल हे तरीही छिद्रंच ठरवतात. दुसरं म्हणजे रेती धुवायची तर तीही गोड्या पाण्याने. रेती धुवायला, माल कालवायला आणि स्लॅब पिकवायला, या तिन्ही ठिकाणी ज्याची टंचाई आडवी आली ते एकच, गोडं पाणी. म्हणून खारटपणाचा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट वेगळ्या वाटेने तिथेच येऊन मिळतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: छिद्रं इतकी वाईट, तर छिद्रांनी भरलेला चुना दोनशे वर्षं कसा टिकला, आणि मग चुनाच का नको? टिकण्याचं कारण वर आलंच आहे, त्याच्या पोटात लोखंड नव्हतं आणि त्याच्यावर ताण नव्हता. पण चुन्याकडे परत जाण्याची हाक मला पटत नाही. २०११च्या जनगणनेत आजच्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत पाच लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यानंतर ती वाढतच आहेत. दोन हात जाडीच्या भिंतींची, सागाच्या तुळयांची घरं त्यांना पुरवायची म्हटली, तर ना जमीन पुरेल ना जंगल. चुन्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे सुरखी. सुरखीतली भाजलेली सिलिका विरलेल्या चुन्याशी हळूहळू संयोग पावून त्याला पाण्यातही टिकणारं बळ देते. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोत्झुओलीच्या ज्वालामुखी राखेने बंदरं बांधली, तीही याच गुणावर. आज औष्णिक वीजकेंद्रांची राख आणि लोखंड गाळण्याच्या झोतभट्टीची मळी सिमेंटमध्ये मिसळतात, ती सुरखीचीच नवी भावंडं. अशी मळी तर याच जिल्ह्यात, डोलवीच्या पोलाद कारखान्यातून निघते. त्यांचं काम केशनलिकांतला मोकळा चुना वापरून तिथे नवं जेल भरण्याचं. एकूण पोकळी फार घटली नाही, तरी नळ्या अरुंद होतात, एकमेकींपासून तुटतात, आणि मिठाची वाट वळणावळणाची होते.

मात्र या मिश्र सिमेंटला एक गोष्ट जुन्या चुन्यासारखीच हवी असते, ती म्हणजे सवड. ते सावकाश पिकतं. म्हणून २०००च्या मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी सांगितलं, तर मिश्र सिमेंटला किमान दहा आणि शक्यतो चौदा. सातव्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवण्याची सवय तशीच राहिली, तर राखेचं सिमेंट साध्या सिमेंटपेक्षाही वाईट पृष्ठभाग देतं. नवं द्रव्य आलं आणि जुनी चाल तशीच राहिली, हे पनवेलमध्ये आता दुसऱ्यांदा होऊ घातलं आहे. मोठ्या कामांत ही शिस्त पाळता येते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, शिवडीहून येऊन चिर्ले इथे उतरणारा अटल सेतू शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी आखलेला आहे. तिथे मालाचं, आवरणाचं आणि पाण्याचं माप ठेवणारी माणसं पगारावर असतात. त्याच सेतूच्या टोकापासून थोड्या अंतरावर गावठाणात चार खांबांवर उभ्या राहणाऱ्या घराला असं कुणी नसतं. जुन्या वाड्यांच्या बाबतीत तर उलटी चूक चालू आहे. ओल आली म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला जातो. सिमेंटचा तो घट्ट थर भिंतीचा श्वास कोंडतो, ओल आतच साठते, आणि दोनशे वर्षं उभी असलेली भिंत काही पावसाळ्यांत पोपडे धरून आतून भुसभुशीत होते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना-तपासणी आता महापालिका हद्दीत सक्तीची आहे. तिच्यात एक साधी चाचणी असते. खांबाचा थोडा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण शिंपडतात. जिथे चुन्याचं अल्कधर्मी कवच शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी रंग उमटतो. जिथपर्यंत हवा पोचली आहे तिथे रंग येत नाही. रंगहीन पट्टा दहा मिलिमीटर रुंद असेल तर सळई सुरक्षित असते, तो सळईला टेकला असेल तर खांब आजारी असतो. त्या पट्ट्याच्या रुंदीत तीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यातला हिशोब उतरलेला असतो: पोत्याला किती पाणी पडलं, आणि नंतर किती दिवस मिळालं. तेच द्रावण जुन्या पनवेलमधल्या एखाद्या वाड्याच्या सांध्यातल्या चुन्यावर शिंपडलं, तर तो आरपार रंगहीन राहतो. हवा त्याच्या पोटापर्यंत कधीच पोचलेली असते, आणि भिंत ठणठणीत असते.